यूकेचा केअर व्हिसा, २५,००० पौंडांची अट आणि आपल्याकडच्या मावश्या-ब्रदर: पैसे भरायच्या आधी वाचा

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. आधी मुद्द्याचं लिहिते. २२ जुलै २०२५ पासून केअर वर्कर (म्हातारी-आजारी माणसं सांभाळणारे मदतनीस) किंवा सीनियर केअर वर्कर म्हणून भारतातून यूकेचा नवीन व्हिसा मिळत नाही. बंद झालाय. "थोडा वेळ लागेल पण होईल", "आमची आत ओळख आहे" वगैरे कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

हे लिहायचं कारण म्हणजे परळ-लालबाग-शिवडी पट्ट्यातल्या माझ्या ओळखीच्या मुली. कुणी जीडीएचा (पेशंट सांभाळणाऱ्या मदतनिसाचा) कोर्स केलाय, कुणी ब्युरोतून घरोघरी पेशंट सांभाळते, आणि त्यांच्या फोनवर अजून तोच मेसेज फिरतोय, केअर असिस्टंट, महिना अडीच लाख, नवरा-मुलांसकट, खर्च फक्त बारा लाख, अर्धे आत्ता अर्धे व्हिसा लागल्यावर. एकीने दागिने गहाण टाकायची तयारी केलीये. मी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, आयुष्य वॉर्डात गेलंय, या मुली पेशंटचं किती करतात ते मला माहितीये, त्यामुळे गप्प बसवत नाही.

थोडा मागचा हिशोब. तिकडे माणसं मिळेनात म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करना व्हिसा उघडला. तेव्हा पगाराची किमान अट वर्षाला २०,४८० पौंड होती. मग २०,९६० झाली, एप्रिल २०२४ ला २३,२००, आणि ९ एप्रिल २०२५ ला २५,०००, म्हणजे आठवड्याला साडेसदतीस तास धरून ताशी १२.८२. मधल्या काळात ११ मार्च २०२४ ला केअर वर्करना नवरा-बायको-मुलं नेणं बंद केलं. त्यामुळे मेसेजमधलं "फॅमिलीसकट" हे तेव्हाच संपलंय. आणि जुलै २०२५ मध्ये बाहेरून येणंच बंद.

आता "महिना अडीच लाख". २५,००० भागिले १२ केलं की २,०८३ पौंड होतात, रुपयांत अडीच लाखाच्या जवळ जातं, आकडा खोटा नाही. पण तो टॅक्स कापायच्या आधीचा. टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून सक्तीने कापली जाणारी वर्गणी) गेल्यावर हातात १,८०० पौंडांच्या आतच येतात, त्यातून खोलीचं भाडं, बस, जेवण, आणि इथल्या कर्जाचा हप्ता. कुणीही मेसेजमध्ये ही दुसरी ओळ लिहीत नाही.

ज्यांचं कुणी आधीच तिकडे आहे त्यांनीही लिहा, कारण पगाराच्या अटीचा खरा जाच आता त्यांना होतोय. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते.

चाळकरी
ताई बरं झालं धागा काढलात. माझी वहिनी अशीच एका एजंटच्या मागे लागलीये, अंधेरीला ऑफिस आहे, काचेची केबिन, भिंतीवर लंडनचे फोटो. त्याने ऑफर लेटर पण दिलंय. त्यावर कंपनीचं नाव आहे ते मी यूके सरकारच्या स्पॉन्सरच्या, म्हणजे बाहेरून माणसं आणायची परवानगी असलेल्या कंपन्यांच्या यादीत शोधलं, सापडलं. मग खरं असू शकतं ना?

रात्रपाळी
@चाळकरी, यादी सगळ्यांसाठी खुली आहे, त्यातून कुणीही नाव उचलून लेटर छापू शकतं. आणि कंपनी खरी असली तरी नुसत्या लेटरला काही किंमत नाही, सीओएस नंबर लागतो, म्हणजे स्पॉन्सरने होम ऑफिसच्या (तिकडच्या गृहखात्याच्या) सिस्टिममधून काढलेलं सर्टिफिकेट. केअर वर्करच्या कामावर बाहेरच्या माणसासाठी तो आता निघतच नाही. लेटरवर कामाचं नाव काय आहे आणि पगार कसा लिहिलाय ते इथे टाका, कंपनीचं नाव नको.

चाळकरी
काम "केअर असिस्टंट". पगार असा लिहिलाय: बेसिक ताशी ११.९०, आठवड्याला ३९ तास, अधिक अकोमोडेशन अलाउन्स महिना १५०, अधिक ओव्हरटाइम अंदाजे. खाली एकूण २७,००० च्या पुढे दाखवलंय.

सध्या_बर्मिंगहॅम
मी मूळची कळव्याची, इकडे २०२३ पासून केअर होममध्ये आहे. @चाळकरी, ११.९० हा एप्रिल २०२४ ते एप्रिल २०२५ च्या नियमातला दर आहे, २३,२०० च्या वेळचा. म्हणजे कुठलं तरी जुनं लेटर घेऊन नाव बदललंय. एप्रिल २०२५ पासून तर इकडे कुणालाही, अगदी दुकानातल्या मुलालासुद्धा, एकवीस किंवा त्यावरच्याला कायद्याने ताशी निदान १२.२१ द्यावेच लागतात. ११.९० ची ऑफर सरळ बेकायदेशीर होते.

आणि बेरीज बघा कशी केलीये. व्हिसासाठी फक्त हमीचा बेसिक धरतात. राहायचा अलाउन्स धरत नाहीत, ओव्हरटाइम धरत नाहीत, नाइटचे जास्तीचे पैसे धरत नाहीत. उलट एप्रिल २०२५ पासून एम्प्लॉयरने व्हिसाच्या खर्चापोटी, कर्ज म्हणून, कंपनीत गुंतवणूक म्हणून काही कापलं तर ते पगारातून वजा करून मग २५,००० भरतात का ते बघतात. हे चांगलं केलं त्यांनी, कारण तो प्रकार सर्रास चालायचा. माझ्या बरोबरच्या एका केरळच्या मुलीच्या पेस्लिपवर दर महिन्याला "ट्रेनिंग रिकव्हरी" अशी ओळ असायची. ट्रेनिंग काय, तर दोन दिवस व्हिडिओ दाखवले आणि हॉइस्ट (पेशंटला उचलायचं यंत्र) कसा वापरायचा ते शिकवलं.

तास वाढवले की पैसेही वाढायला हवेत हे पण लक्षात ठेवा. २५,००० हे साडेसदतीस तासांचे. ४८ तास लावणार असतील तर ताशी १२.८२ ने ३२,००० च्या आसपास व्हायला पाहिजेत. ४८ तास काम आणि २५,००० पगार असं कुणी दाखवलं तर ते चालत नाही.

टिळकपूल
माहिती चांगली आहे पण मला प्रामाणिकपणे एक विचारायचंय. पगाराची अट वाढवली यात वाईट काय? तिथल्या सरकारचं म्हणणं असं की बाहेरून स्वस्तात माणसं आणून मालक लोक तिथल्या कामगारांचे पगार वाढू देत नाहीत. आपल्याकडे गिरण्यांच्या वेळीही बदली कामगारांवरून हेच वाद होते. अट वाढली तर आपल्या माणसाला जास्तच मिळेल ना?

सध्या_बर्मिंगहॅम
@टिळकपूल, प्रश्न रास्त आहे, मलाही आधी तसंच वाटायचं. पण अट वाढवली म्हणजे पगार वाढवला असं होत नाही हो. अटीचा आकडा होम ऑफिस ठरवतं, आणि केअर होमचा बराचसा पैसा येतो लोकल कौन्सिलकडून, ते दर तसेच. मग मालकापुढे दोनच रस्ते, कागदावर २५,००० दाखवायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, नाहीतर "तुझा व्हिसा आम्हाला परवडत नाही" म्हणून सांगायचं. दोन्ही वेळा भुर्दंड कामगारालाच. आणि आमचा व्हिसा एकाच मालकाला बांधलेला. त्याने काढलं किंवा त्याचंच स्पॉन्सरचं लायसन्स गेलं की होम ऑफिसचं पत्र येतं, साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा नाहीतर देश सोडा. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ मध्ये केअर क्षेत्रातली ४७० च्या वर लायसन्स रद्द केली, त्यांच्याशी जोडलेले कामगार ३९,००० च्या वर. हे त्यांच्या सरकारचेच आकडे आहेत. चूक मालकाची, ६० दिवसांचं घड्याळ कामगाराच्या डोक्यावर.

विक्रोळी_पार्कसाइट
माझी मामेबहीण लीड्सकडे एनएचएसच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या हॉस्पिटलमध्ये हेल्थकेअर असिस्टंट आहे. केअर होम नाही, सरकारी. पुढच्या वर्षी व्हिसा रिन्यू करायचाय आणि मॅनेजर म्हणे तुझा पगार अटीत बसत नाही. हे कसं शक्य आहे? पगार तर सरकारच ठरवतं आणि अट पण सरकारच ठरवतं!

रात्रपाळी
@विक्रोळी_पार्कसाइट, शक्य आहे, आणि मी वर म्हटलं तो जाच हाच. एनएचएसमध्ये पगाराचे बँड, म्हणजे श्रेणी असतात. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी बँड २ चा पगार २४,४६५ पौंड होता. बँड ३ सुरू व्हायचा २४,९३७ ला. आणि व्हिसाची अट २५,०००. बँड ३ च्या सुरुवातीच्या माणसाला ६३ पौंड कमी पडत होते. वर्षाला ६३ पौंड! आपल्या हिशोबात सात-साडेसात हजार रुपये. ज्या बाईने रात्रभर डायपर बदलले, पेशंटला कूस बदलून दिली, बेडसोअर होऊ दिला नाही, जेवण भरवलं, मेलेल्या माणसाला पुसून स्वच्छ केलं, तिला तेवढ्यासाठी "तू नियमात बसत नाहीस" म्हणून सांगायचं. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा विश्वास बसला नाही, मी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पुन्हा तपासले. युनिसन या तिकडच्या मोठ्या युनियनने यावर आवाज उठवलाय.

आता तिने काय बघायचं. एक, तिचा बँड कुठला आणि ती त्यात कुठल्या टप्प्यावर आहे. बँड ३ ला दोनच टप्पे आहेत, दोन वर्षं झाली की वरचा मिळतो (२०२५-२६ ला २६,५९८), मग प्रश्न मिटतो. २०२३ पासून बँड ३ ला असेल तर ती बहुतेक वरच्या टप्प्यावर असायला हवी. पण बँड २ ला असेल तर तिथे टप्पेच नाहीत, एकच आकडा, कितीही वर्षं काढा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ती नेमकं काम काय करते? नियमाप्रमाणे अंघोळ, जेवण, बेड, टॉयलेट एवढंच असेल तर बँड २. पण बीपी-शुगर बघणं, रक्त काढणं, ईसीजी, असली क्लिनिकल कामं नेहमीची असतील तर ते बँड ३ चं काम आहे. २०२१ मध्ये त्यांनी कामाच्या या व्याख्या नव्याने स्पष्ट केल्या आणि त्यानंतर बऱ्याच हॉस्पिटलांमध्ये लोकांनी युनियनतर्फे भांडून बँड बदलून घेतलाय. कामाचं वर्णन लिहिलेला कागद आणि प्रत्यक्ष ती जे करते ते, दोन्ही समोर ठेवून युनियनच्या माणसाला भेटायला सांगा. व्हिसा संपायच्या महिनाभर आधी नाही, आत्ता. बँड बदलल्यावर सुरुवातीच्या टप्प्यावर टाकतायत का तेही विचारायला सांगा, नाहीतर परत तसेच थोडे पौंड आडवे यायचे.

विक्रोळी_पार्कसाइट
ती रक्त काढते ताई. रोज. कागदावर बँड २ च आहे. आत्ता तिला फोन केला, तिला वाटायचं शिकायला मिळतंय म्हणून ती खूश होती आणि कामाला नाही म्हणायची नाही.

रात्रपाळी
शिकली ते चांगलंच झालं. पण त्याचे पैसे तिचे आहेत. मागायला लाज वाटू देऊ नका म्हणावं.

शांत_समुद्र
अजून एक मुद्दा सुटतोय. माझी मैत्रीण बाळंतपणानंतर कामावर परत जाताना पार्ट टाइम मागत होती, आठवड्याला तीस तास. तिच्या बरोबरच्या इंग्लिश मुलीला लगेच मिळालं. हिला एचआरने सांगितलं की तास कमी केले तर पगार २५,००० च्या खाली जाईल आणि व्हिसा धोक्यात येईल. मॅटर्निटी लीव्हवर असताना पगार कमी झाला तर चालतं, तेवढी सवलत आहे, पण परत आल्यावर पूर्ण पगार पाहिजे. ती अट तासांच्या प्रमाणात कमी होत नाही. इथून आई जाऊन राहू शकते तर सहा महिने, व्हिजिटर व्हिसावर, आणि व्हिजिटरने मूल सांभाळायची नोकरी केल्यासारखं राहायचं नाही असंही आहे. शेवटी नवऱ्याने रात्रीची आणि हिने दिवसाची ड्युटी घेतली, दोघं एकमेकांना दारात भेटतात.

टिळकपूल
हे मला माहीत नव्हतं. पटलं. आकडा एकच धरून सगळ्यांना लावला की बायकांना जास्त बसतो.

भायखळा_स्टेशन
मी थोडं वेगळं बोलतो. इथून का जातात ते पण बघा ना. माझ्या आत्याला पॅरालिसिस झाला तेव्हा ब्युरोतून बाई लावली होती बारा तासांची. आम्ही ब्युरोला महिन्याला चोवीस हजार द्यायचो, तिच्या हातात सोळा पडायचे, नालासोपाऱ्याहून पहाटेची गाडी पकडून यायची, सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे गेले, पीएफ नाही, ईएसआय नाही, डब्यासाठी पण आम्ही आग्रह करायचो तेव्हा बसायची. मोठ्या हॉस्पिटलांमध्ये पण मावश्या आणि वॉर्डबॉय कॉन्ट्रॅक्टवर, पेशंटच्या नातेवाइकांनी हातावर टेकवलेल्या पन्नास-शंभरावर अवलंबून. अशा बाईला कुणी अडीच लाख म्हटलं तर ती बारा लाखांचं कर्ज काढणारच. एजंट तिच्या लोभावर नाही, तिच्या गरजेवर धंदा करतो.

रात्रपाळी
@भायखळा_स्टेशन, शंभर टक्के. माझ्या वॉर्डातल्या मावशींना मी विचारलं होतं, त्या म्हणाल्या तिकडे निदान पगाराची पावती तरी मिळते. यावर मला उत्तर नव्हतं.

सकाळची_लोकल
मग पर्याय काय? मुलींना नुसतं "जाऊ नका" सांगून चालणार नाही.

रात्रपाळी
खरंय. मला जेवढं माहितीये तेवढं सांगते.

ज्या बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम आहेत, रजिस्टर्ड आहेत, त्यांना यूके अजून उघडं आहे. इंग्रजीची परीक्षा, मग एनएमसीची (तिकडच्या नर्सिंग कौन्सिलची) सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, तिकडे गेल्यावर ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक. सुरुवात बँड ५ ला, २०२५-२६ ला ३१,०४९ पौंड, त्यामुळे पंचवीस हजारांचा प्रश्नच येत नाही आणि कुटुंबही नेता येतं. पण सहा महिन्यांच्या कोर्सवाल्या मुलीला "नर्स म्हणून पाठवतो" सांगणारा फसवतोय.

जर्मनीचं बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केलाय, पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल लोक पाठवायचे, त्यात आरोग्यसेवा आहे. पगाराची पद्धतही वेगळी, केअरच्या कामाला स्वतंत्र किमान वेतन ठरवलेलं आहे. जुलै २०२५ च्या दरांप्रमाणे मदतनिसाला ताशी १६.१० युरो, वर्षभराचं प्रशिक्षण असलेल्याला १७.३५, पूर्ण पात्र असलेल्याला २०.५०. व्हिसासाठी वेगळा आणि पगारपत्रकावर वेगळा असा घोळ कमी. पण जर्मन शिकल्याशिवाय काही नाही, नर्ससाठी बी१-बी२ (मधल्या पातळ्या) पर्यंत. काळा घोड्याला मॅक्समुल्लर भवनात किंवा कुठेही चांगल्या क्लासला जा, वर्ष-दीड वर्ष जाईल. तो खर्च बारा लाखांच्या जवळपासही जात नाही आणि शिकलेली भाषा कुणी परत काढून घेत नाही.

आणि एजंटकडे जायचंच असेल तर १९८३ च्या एमिग्रेशन अ‍ॅक्टखाली तो नोंदलेला पाहिजे. भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव आणि नंबर तपासता येतो. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात. तीस हजार. बारा लाख मागितले तिथेच समजून जा. यूकेच्या नियमातही सीओएसची फी मालकाने कामगाराकडून वसूल करायची नाही असं डिसेंबर २०२४ अखेरपासून स्पष्ट आहे.

सध्या_बर्मिंगहॅम
यात एक जोडते, जे आधीच इकडे अडकलेत त्यांच्यासाठी. लायसन्स गेलं म्हणून घाबरून कॅशवर काम करू नका, तिथेच सगळं बिघडतं. इंग्लंडमध्ये अशा केअर वर्करना नवा स्पॉन्सर शोधून द्यायला प्रादेशिक गट नेमलेत, आणि एप्रिल २०२५ पासून मालकांना बाहेरून माणूस आणायच्या आधी या अडकलेल्यांमधून घ्यायचा प्रयत्न करावा लागायचा, त्यामुळे त्या गटांकडे नाव असलेलं बरं. होम ऑफिसचं पत्र आलं की त्यावरची तारीख बघा, ६० दिवस तिथून मोजतात. पेस्लिप सगळ्या फोनमध्ये काढून ठेवा, मालकाचं पोर्टल बंद झालं की काही मिळत नाही.

कायमचं राहायचा हक्क मिळायला जेवढी वर्षं काढावी लागतात ती वाढवायचा प्रस्ताव आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यात डिग्रीखालच्या कामांसाठी पाचाची पंधरा वर्षं करायचं म्हटलं होतं. तेव्हापासून माझ्याबरोबरच्या मुली रात्री झोपत नाहीयेत. कोविडनंतर यांनीच बोलावलं होतं आम्हाला.

चाळकरी
ताई, वहिनीला सगळा धागा वाचून दाखवला. ती रडली. आता कळलं की तिने दोन लाख टोकन आधीच दिलेत, घरात कुणाला न सांगता, आणि पासपोर्ट पण त्याच्याकडेच आहे. तो म्हणतो पासपोर्ट "प्रोसेस"मध्ये आहे, कॅन्सल केलं तर टोकन परत नाही.

रात्रपाळी
@चाळकरी, तिला ओरडू नका. आधी पासपोर्ट. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, एजंटला तो अडवून ठेवायचा काहीही हक्क नाही. दोघं जाऊन मागा, नाही दिला तर लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, "अमुक तारखेला दिलेला पासपोर्ट परत द्या" एवढंच. भांडण नको, त्याच्या उत्तराचा स्क्रीनशॉट पाहिजे. पैसे कसे दिले?

चाळकरी
दीड लाख जीपेने त्याच्या पर्सनल नंबरवर, पन्नास हजार कॅश. कॅशची पावती आहे, पण त्यावर "कन्सल्टन्सी" लिहिलंय.

रात्रपाळी
असू दे, पावती आहे हेच खूप. जीपेचं स्टेटमेंट बँकेतून काढून घ्या. ई-मायग्रेटवर त्याचं नाव शोधा आणि सापडलं नाही तर त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. बीकेसीच्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याचं) ऑफिस आहे, तिथे लेखी तक्रार द्यायची आणि तिची पोच घ्यायची. ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत त्याचं ऑफिस आहे तिथेही द्यायची.

चाळकरी
पासपोर्ट मिळाला! दादा आणि मी दोघं गेलो, लेखी मागितल्यावर अर्ध्या तासात काढून दिला, टेबलाच्या ड्रॉवरमध्येच होता. पैशाचं मात्र "बघू" म्हणाला. सोमवारी तक्रारीला जायचं ठरवलंय. तिथे आणखी तीन मुली बसल्या होत्या, एक आमच्याच शेजारच्या गल्लीतली, तिलाही हा धागा पाठवलाय.

रात्रपाळी
तिलाही सोमवारी घेऊन या, एकापेक्षा जास्त तक्रारदार असले की फरक पडतो. ऑफर लेटर, पावती, बँक स्टेटमेंट, सगळ्या चॅटच्या प्रिंट, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा, मूळ कागद फक्त दाखवायला, कुणाच्याही हातात सोडून येऊ नका. मी सुट्टी टाकलीये, येते. वेळ व्यनि (खासगी मेसेज) करा.